पंक रॉकचा जन्म लंडनमध्ये झाला का?

पंक रॉक, म्हणजे रॉक संगीताचा वेगवान, बंडखोर प्रकार, १९७७ साली लंडनमध्ये जन्मले, असे सांगणारा मजकूर वर्षानुवर्षे फिरत आहे. असा समज होणे स्वाभाविक आहे, कारण बेकारीने गांजलेल्या तिथल्या तरुणांच्या संतापामुळेच हे संगीत वर्तमानपत्रांच्या पहिल्या पानावर पोहोचले, आणि ते श्रेय माझ्या मते मोठेच आहे. तारखा मात्र वेगळे सांगतात. न्यूयॉर्कच्या बॉवरी रस्त्यावरील एका अरुंद, काळोख्या क्लबात १९७४ पासूनच मोजक्या कॉर्ड्सवर (एकत्र वाजणाऱ्या स्वरांच्या जुळणीवर) भरधाव वाजवलेली, दोन-अडीच मिनिटांत संपणारी गाणी ऐकू येत होती. पंकची ओळख ठरलेला फाटलेला, सेफ्टी पिनांनी जोडलेला शर्टही तिथल्या रंगमंचावर आधी दिसला होता. ‘पंक’ हा शब्दसुद्धा अमेरिकी संगीतसमीक्षक १९७०च्या दशकाच्या आरंभीच वापरू लागले होते.

हे पडताळायचे असल्यास दोन्ही शहरांतील पहिल्या पंक तबकड्यांच्या वेष्टनांवरील साल शेजारी शेजारी ठेवून पाहावे आणि प्रकाशनाचा महिना जुन्या संगीत-साप्ताहिकांत शोधावा. न्यूयॉर्कच्या त्या क्लबात घडलेल्या चौघांच्या एका बँडचा पहिला अल्बम एप्रिल १९७६ मध्ये निघाला, तर ब्रिटिश पंकची पहिली सिंगल (एक-दोन गाण्यांची छोटी तबकडी) त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये. दरम्यान, जुलैमध्ये न्यूयॉर्कचा तो बँड लंडनमध्ये वाजवून गेला होता.