मांडीवरून हातात : चिमुरड्यांच्या संगणक-वेळेची पार्श्वभूमी

दोन वर्षांखालच्या मुलाला पडदा दाखवायचाच नाही आणि दोन ते पाच वर्षांपर्यंत दिवसाला फार तर एक तास, हे आकडे आता बहुतेक पालकांना पाठ झाले आहेत. मूल संगणकाकडे झेपावलं की घरात वाद पेटतो तोही याच आकड्यांवरून. पण यातली दोन वर्षांची रेघ मुळात संगणकासाठी आखलेलीच नव्हती. ती टीव्हीसाठी होती. टीव्हीवरून संगणकावर, तिथून टॅब्लेटवर आणि फोनवर ती कशी ओढली गेली, हे पाहिलं तर आजचे पालक इतके गोंधळलेले का आहेत, ते समजतं.

मुलं आणि संगणक यांची जोडी जमवायचा विचार 1960 च्या दशकातला. 1967 मध्ये ‘लोगो’ ही मुलांसाठीची प्रोग्रॅमिंगची भाषा आली. पण तिच्यापुढे होती ती शाळेत जाणारी मुलं. 1980 च्या दशकात घरोघरी संगणक आले, तेव्हाही दीड-दोन वर्षांच्या मुलाचा संबंध एवढाच, की त्याचा हात कीबोर्डला लागू द्यायचा नाही. 1996 मध्ये अमेरिकेतल्या बालशिक्षकांच्या मोठ्या संघटनेने लहान मुलं आणि तंत्रज्ञान यांवर भूमिका मांडली. तिच्या शीर्षकातच वय होतं 3 ते 8. तीनच्या आतलं मूल संगणकापुढे बसेल हे त्या चर्चेत धरलेलंच नव्हतं.

बाजाराने मात्र धरलं होतं. नव्वदच्या दशकाच्या मध्यावर सीडी ड्राइव्ह आणि स्पीकर असलेले संगणक घरांत आले आणि त्यांच्यामागोमाग आल्या दीड ते तीन वर्षांच्या मुलांसाठीच्या सीडी. थोड्याच काळात वर्षाच्या आतल्या बाळांसाठीही त्या निघाल्या. या प्रकाराला तेव्हा ‘लॅपवेअर’ म्हणत, म्हणजे बाळाला मांडीवर घेऊन वापरायचं सॉफ्टवेअर. हा शब्द आज कुणाला आठवत नाही, पण मला तो फार महत्त्वाचा वाटतो. त्या काळची सगळी परिस्थिती त्यात आली आहे.

संगणक टेबलावर, टेबल मोठ्यांच्या उंचीचं, बाळ आईच्या नाहीतर बाबांच्या मांडीवर. बाळ कीबोर्डवर पंजा आपटतं. कुठलंही बटण दाबलं तरी पडद्यावर लाल गोळा उमटतो, गाय हंबरते. बाळ वळून आईच्या तोंडाकडे बघतं, आई ‘गाय!’ म्हणते, बाळ पुन्हा पंजा आपटतं. मध्येच भलतं बटण दाबलं जाऊन सगळं बंद पडू नये म्हणून कीबोर्डवर बसवायची मोठ्या रंगीत बटणांची झाकणंही मिळत. माउस मात्र या वयाला झेपत नसे. हात टेबलावर आडवा सरकतो आणि बाण समोरच्या उभ्या पडद्यावर हलतो, हा संबंध दोन वर्षांच्या डोक्यात सहजी बसत नाही. बटण दाबून धरून ओढणं तर दूरच. म्हणून काही सीडींमध्ये क्लिक काढूनच टाकलं होतं. बाण चित्रावरून गेला की चित्र हलायचं.

त्यामुळे वेळेचा प्रश्न आपोआप सुटत असे. बाळ कंटाळून मांडीवरून उतरलं किंवा आईला काम आठवलं, की खेळ संपला. संगणक किती वेळ चालेल हे मांडी किती वेळ मोकळी आहे त्यावर ठरत होतं.

तरीही विरोध झालाच. 2000 मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अहवालाने बालवाड्या आणि प्राथमिक शाळांत संगणक आणणं तूर्त थांबवावं, अशी मागणी केली. डोळे, मनगटं, मैदानी खेळ, माणसांचा सहवास हे मुद्दे आजही जसेच्या तसे मांडले जातात. पण तो वाद शाळांभोवतीच फिरला. घरातल्या चिमुरड्यांचा नियम त्याच्या एक वर्ष आधी, टीव्हीच्या निमित्ताने ठरून गेला होता.

ऑगस्ट 1999 मध्ये अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने मुलांना माध्यमं समजून घ्यायला शिकवण्याविषयी एक निवेदन काढलं. त्यात इतर अनेक शिफारशींबरोबर एक होती : दोन वर्षांखालच्या मुलांना टीव्ही दाखवणं टाळावं, असं डॉक्टरांनी पालकांना आग्रहाने सांगावं. एवढंच. वाक्य डॉक्टरांना उद्देशून होतं आणि सल्ल्याच्या भाषेत होतं. बातम्यांत त्याची ‘बंदी’ झाली.

या शिफारशीमागे पुरावा काय होता, हा खरा वादाचा मुद्दा. दोन वर्षांखालच्या मुलांवर टीव्हीचा काय परिणाम होतो याचे थेट अभ्यास तेव्हा नगण्य होते. निवेदनातला युक्तिवाद वेगळ्या दिशेने जात होता. या वयात मेंदू झपाट्याने घडत असतो, त्याला आईवडिलांशी आणि सांभाळणाऱ्या माणसांशी थेट देवाणघेवाण हवी असते, म्हणून टीव्ही टाळा. टीव्हीमुळे अमुक इजा होते हे सिद्ध झाल्याचा दावा तो नव्हता. टीव्ही लागला की माणसं बोलायची थांबतात, अशी ती काळजी होती. टीकाकार म्हणाले, पुराव्याविना नियम केला. समर्थक म्हणाले, एवढ्या लहान जिवाच्या बाबतीत पुरावा येईपर्यंत थांबायचं का? माझा कल दुसऱ्या बाजूकडे आहे. शिफारस योग्यच होती. अडचण आली ती तिच्यातल्या आकड्यामुळे. बोलणं, सहवास, देवाणघेवाण हे कारण मागे पडलं आणि ‘दोन वर्षं’ तेवढी लोकांच्या लक्षात राहिली.

पुरावा मागाहून गोळा होत गेला. 2003 मध्ये अमेरिकेत नऊ महिन्यांच्या बाळांना मँडरिन चिनी भाषा ऐकवण्याचा प्रयोग प्रसिद्ध झाला. समोर बसून खेळवणाऱ्या, पुस्तक वाचणाऱ्या माणसाकडून 12 बैठकांत बाळं त्या भाषेतले ध्वनी ओळखायला शिकली. तीच माणसं, तेच बोलणं पडद्यावरून ऐकलेल्या बाळांना काहीच शिकता आलं नाही. 2004 मध्ये लहानपणीचा टीव्ही आणि सातव्या वर्षी लक्ष टिकवण्यातल्या अडचणी यांचा संबंध दाखवणारा अभ्यास आला. 2007 चा अभ्यास सर्वात गाजला. हजारेक कुटुंबांना फोन करून माहिती घेतली, तेव्हा 8 ते 16 महिन्यांच्या बाळांमध्ये बाळांचे व्हिडिओ पाहण्याच्या रोजच्या प्रत्येक तासामागे, पालकांपुढे ठेवलेल्या शब्दांच्या यादीतले सहा ते आठ शब्द कमी कळतात असं दिसलं. व्हिडिओ विकणाऱ्या कंपनीने जोरदार आक्षेप घेतला, पण 2009 मध्ये तिनेच गिऱ्हाइकांना पैसे परत देऊ केले. त्याच अभ्यासात 17 ते 24 महिन्यांच्या मुलांमध्ये असा संबंध आढळला नव्हता, ही गोष्ट मात्र फारशी कुणी सांगत नाही. 2014 मध्ये तीच माहिती दुसऱ्या संशोधकांनी पुन्हा तपासली, तेव्हा निष्कर्ष पहिल्यासारखा ठाम राहिला नाही.

दरम्यान फ्रान्सच्या प्रसारण नियामकाने 2008 मध्ये तीन वर्षांखालच्यांसाठी म्हणून केलेले कार्यक्रम दाखवायला देशातल्या वाहिन्यांना मनाई केली. तीही टीव्हीपुरतीच.

मग 2010 मध्ये आयपॅड आला. माउसने जे अडवून धरलं होतं ते बोटाने मोकळं केलं. जिथे बघायचं तिथेच हात लावायचा, हे वर्षाच्या मुलालाही जमतं. टेबल गेलं, कीबोर्ड गेला आणि त्यांच्याबरोबर मांडीही गेली. आता मूल पडदा घेऊन एकटं कोपऱ्यात बसू शकत होतं. अमेरिकेतल्या एका पाहणीत दोन वर्षांखालच्या मुलांपैकी फोन किंवा टॅब्लेट कधी तरी वापरलेली मुलं 2011 मध्ये 10 टक्के होती, 2013 मध्ये 38 टक्के. बालरोगतज्ज्ञांच्या त्याच संघटनेने 2011 मध्ये दोन वर्षांची रेघ पुन्हा पक्की केली, पण तिच्यामागचं संशोधन जवळजवळ सगळं टीव्ही आणि व्हिडिओंचं होतं.

सगळ्या गुंत्याच्या मुळाशी ‘स्क्रीन टाइम’ हा शब्द आहे. सिनेमाच्या धंद्यात त्याचा अर्थ होता नट पडद्यावर किती वेळ दिसतो. पुढे तो उलटा फिरला आणि बघणारा पडद्यापुढे किती वेळ असतो, असा झाला. टीव्ही एकच पडदा होता तोवर हे चाललं. टीव्हीपुढचा तास म्हणजे तास. पण संगणक, टॅब्लेट, फोन आल्यावर एकाच शब्दात काय काय कोंबलं गेलं पाहा : आपोआप एकामागून एक सुरू होणारी कार्टून, आजोबांचा व्हिडिओ कॉल, बाबांच्या मांडीवर बसून ओढलेल्या रंगीत रेघा, आणि कुणीच बघत नसलेला, मागे नुसता चालू असलेला टीव्ही. यातला शेवटचा तर पालक मोजतच नाहीत. 2008 च्या एका प्रयोगात एक ते तीन वर्षांची मुलं मोठ्यांचा कार्यक्रम मागे चालू असताना खेळण्यांशी कमी वेळ आणि तुटक तुटक खेळताना दिसली, आणि त्यांनी पडद्याकडे क्वचितच पाहिलं होतं. घड्याळाच्या हिशेबात त्या मुलांचा स्क्रीन टाइम जवळजवळ शून्य भरला असता.

2014 मध्ये ही गाठ सोडवायचा प्रयत्न झाला, आणि तो केला 2004 व 2007 च्या अभ्यासांत ज्याचा हात होता त्याच बालरोगतज्ज्ञाने. मुलाच्या स्पर्शाला उत्तर देणारा टॅब्लेट टीव्हीपेक्षा खेळण्याच्या जवळचा आहे, असं त्याने मांडलं आणि दोन वर्षांखालच्यांना दिवसाला अर्धा ते एक तास चालेल असं सुचवलं. टीव्हीच्या विरोधात सर्वात जास्त आकडे ज्याने दिले, त्यानेच रेघ हलवावी, याने अनेकांना धक्का बसला. मला त्याचा प्रामाणिकपणा मोलाचा वाटतो. त्याच वर्षीच्या एका प्रयोगात दोन ते अडीच वर्षांची मुलं थेट व्हिडिओ कॉलवरून नवी क्रियापदं शिकली, पण कॉलचं रेकॉर्डिंग पाहून शिकली नाहीत.

ऑक्टोबर 2016 मध्ये अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या त्याच संघटनेने रेघ अखेर हलवली. दीड वर्षापर्यंत काही नाही, व्हिडिओ कॉल सोडून. दीड ते दोन, दाखवायचंच असेल तर चांगलं निवडून आणि सोबत बसून. दोन ते पाच, दिवसाला एक तास, तोही शक्यतो सोबत. ‘सोबत बसून’ म्हणजे लॅपवेअरच्या काळातली मांडी परत आली. तेव्हा तिच्याशिवाय चालतच नव्हतं, आता ती लेखी सांगावी लागली.

पुढच्या दोन निर्णयांत एकमत नाही. जानेवारी 2019 मध्ये ब्रिटनमधल्या बालरोगतज्ज्ञांच्या संस्थेने वेळेचा आकडा द्यायला नकार दिला. पुरावा तेवढा भक्कम नाही, घराने स्वतःला काही प्रश्न विचारून ठरवावं, असं तिचं म्हणणं. तीनच महिन्यांनी जागतिक पातळीवरच्या आरोग्य संघटनेने आकडा दिला : पहिल्या वर्षात शून्य, एक वर्षाच्या मुलालाही शून्य, दोन ते चार वर्षांच्या मुलांना जास्तीत जास्त एक तास. पुराव्याचा दर्जा ‘अत्यंत कमी’ आणि शिफारस मात्र ‘ठाम’, असं त्याच दस्तऐवजात शेजारी शेजारी लिहिलेलं आहे. यात लबाडी नाही. त्या दस्तऐवजाचा विषय मुलांची हालचाल, बसून राहणं आणि झोप हा होता, आणि त्यात मोजला तो बसून घालवलेला पडद्याचा वेळ. बाबागाडीत एका वेळी तासापेक्षा जास्त बांधून ठेवू नका, हेही त्याच कागदात आहे. बातम्यांत त्यातलं पडद्याचं वाक्य तेवढं आलं. 2024 मध्ये स्वीडनने दोन वर्षांखाली शून्य आणि पाच वर्षांपर्यंत एक तास असंच सांगितलं.

व्हिडिओ कॉलची सूट काही ठिकाणी आहे, काही ठिकाणी तिचा उल्लेखही नाही. दीड वर्षाचं मूल कॉलवर काय करतं हे ज्यांनी पाहिलंय त्यांना या सवलतीचं महत्त्व माहीत आहे. ते हातातला ठोकळा पडद्यापुढे धरतं. पलीकडून ‘मला?’ असं विचारणारं कुणी असलं, तर ठोकळा काचेला टेकवतं आणि वाट बघतं. नुसता व्हिडिओ चालू असेल तर थोडा वेळ धरतं, मग खाली ठेवतं.