लाइव्ह चालवणं वेगळं, इन्स्टॉल करणं वेगळं

विंडोज १०चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ला संपला. टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप नसलेल्या जुन्या लॅपटॉपवर विंडोज ११ रीतसर बसत नाही, आणि गणपतीला आलेला चाकरमानी मुंबईहून आणून गावी ठेवून जातो ते बहुधा असेच लॅपटॉप. ४ जीबी रॅम असेल तर त्यांना लिनक्स मिंट ही विंडोजऐवजी चालणारी मोफत सिस्टीम चांगली. मात्र मिंटचा पेनड्राइव्ह लावला की गल्लत होते, आणि तीही दोन्ही बाजूंनी. डेस्कटॉप दिसला म्हणजे लिनक्स बसलं, असं समजून कुणी आपल्या फायली त्यात ठेवतं. पेनड्राइव्ह लावताच डिस्क पुसली जाईल, या भीतीने कुणी नुसतं बघायलाही धजत नाही.

पेनड्राइव्हवरून मशीन सुरू केल्यावर दिसतं ते लाइव्ह. सिस्टीम पेनड्राइव्हवरून वाचली जाते आणि रॅममध्ये चालते. डेस्कटॉपवर ठेवलेली फाइल, बदललेली सेटिंग, घातलेला प्रोग्रॅम, सगळं रॅममध्येच राहतं आणि मशीन बंद केलं की जातं. २ जीबी रॅमच्या मशीनवर ब्राउझरच्या चारपाच टॅब उघडल्या तरी ते अडकू शकतं. वेग पेनड्राइव्हवर अवलंबून असल्याने लाइव्ह रेंगाळलं म्हणून लिनक्सच मंद ठरवू नका.

लाइव्हचा खरा उपयोग तपासणीचा. वायफाय, आवाज, कॅमेरा, प्रिंटर लागतात का पाहा. झाकण मिटून उघडल्यावर मशीन जागं होतं का पाहा. वायफाय दिसलं नाही, तर चिप बरेचदा ब्रॉडकॉमची असते. मोबाइल केबलने जोडून यूएसबी टेदरिंग सुरू करा, म्हणजे मोबाइलचं इंटरनेट मशीनला मिळेल, आणि ड्रायव्हर मॅनेजर उघडून चिपचा ड्रायव्हर घाला. कीबोर्डच्या यादीत मराठी इनस्क्रिप्ट आहे, फोनेटिकही आहे. जुने अर्ज, सोसायटीची पत्रं वर्डसारख्या लिब्रेऑफिसमध्ये उघडून बघा. युनिकोडमधली नीट दिसतील; श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमधली मात्र तो फॉन्ट घातल्याशिवाय अगम्य अक्षरांत दिसतील.

लाइव्हमध्ये विंडोजला आपोआप धक्का लागत नाही, पण त्याच्या फायली तिथूनही उघडतात. आतल्या डिस्कवरची फाइल तुम्ही हाताने डिलीट केलीत, तर ती खरोखर जाते. फायली अशा उघडतात म्हणूनच, विंडोज सुरूच होत नसेल तेव्हा फोटो आणि कागदपत्रं बाहेरच्या डिस्कवर काढून घ्यायला लाइव्हसारखं साधन नाही.

इन्स्टॉल म्हणजे डेस्कटॉपवरच्या ‘इन्स्टॉल लिनक्स मिंट’वर डबल-क्लिक करून पुढे जाणं. भाषा, कीबोर्ड वगैरे विचारलं जातं तोवर मागे फिरता येतं. डिस्कवर बदल लिहू का, असं विचारणारी खिडकी येते आणि तिथे तुम्ही हो म्हटलंत की परत फिरणं नाही. ‘इरेज डिस्क’ निवडलं तर विंडोज आणि सगळ्या फायली जातात. विंडोजच्या शेजारी बसवायचा पर्याय विंडोजचं पार्टिशन, म्हणजे डिस्कवरचा त्याचा भाग, आक्रसून जागा करतो. त्यातही बॅकअप आधी घ्याच. विंडोजचं फास्ट स्टार्टअप (पूर्ण बंद न होता लवकर सुरू व्हायची सोय) अगोदर बंद करा, नाहीतर ते पार्टिशन अर्धवट झोपलेल्या अवस्थेत राहतं. बिटलॉकर (डिस्कला कुलूप लावणारी विंडोजची सोय) चालू असेल तर बायोसमधल्या, म्हणजे मशीनच्या मूळ सेटिंगमधल्या, सिक्युअर बूटला हात लावण्याआधी ४८ अंकी रिकव्हरी की कागदावर उतरवून ठेवा. इन्स्टॉलरला डिस्कच दिसत नसेल तर बायोसमध्ये ती बहुधा इंटेल आरएसटी मोडवर असते. ती एएचसीआय या दुसऱ्या मोडवर करावी लागते, पण विंडोज ठेवायचं असेल तर सरळ बदल करू नका; आधी विंडोज सेफ मोडमध्ये सुरू होईल अशी सोय करा, नाहीतर ते उठणार नाही.

कोकण किनाऱ्यावर विजेचा प्रश्न सर्वांत मोठा. लाइव्ह चालू असताना लाइट गेली तर फार तर रॅममधलं जाईल. पार्टिशन आक्रसत असताना गेली, तर विंडोजही जाऊ शकतं आणि लिनक्सही बसत नाही. आषाढात गडगडत असताना यूपीएस नसलेल्या डेस्कटॉपवर इन्स्टॉल सुरू करू नका. लॅपटॉपची बॅटरी खरंच टिकते का, हे लाइव्हमध्येच चार्जर काढून अर्धा तास बघा. इन्स्टॉलला साधारण तेवढा वेळ लागतो. खाऱ्या हवेने यूएसबी पोर्ट गंजलेला असेल तर पेनड्राइव्ह मध्येच सुटतो. लाइव्हमध्ये पडदा गोठतो एवढंच, इन्स्टॉलमध्ये काम अर्ध्यावर राहतं. म्हणून घट्ट बसणारा पोर्ट निवडा.

पेनड्राइव्ह दोन्ही कामांना तोच: ८ जीबीचा, आतलं सगळं पुसलं जाणार हे धरून. मिंटची इमेज, म्हणजे डाउनलोड करायची फाइल, ३ जीबीच्या आसपास असते. रेंज नसलेल्या वाडीत ती उतरवत बसू नका, मुंबईहून येणाऱ्यालाच रूफस किंवा बलेना एचर या प्रोग्रॅमने पेनड्राइव्ह तयार करून आणायला सांगा. इन्स्टॉलला इंटरनेट लागत नाही, अपडेट नंतर करता येतात. इमेजची फाइल पेनड्राइव्हवर नुसती कॉपी केली तर त्यावरून मशीन बूट (सुरू) होत नाही. मशीन कशावरून सुरू करायचं ते निवडायच्या बूट मेनूसाठी डेल आणि लेनोवोवर बहुधा एफ-१२, एचपीवर एफ-९.

आपण कशात आहोत कळत नसेल, तर मशीन बंद करून पेनड्राइव्ह काढा आणि पुन्हा सुरू करा. लिनक्स आलं तर ते बसलेलं आहे. विंडोज किंवा ‘बूट डिव्हाइस नाही’ असं आलं, तर आधीचं लाइव्ह होतं. दोन्ही सिस्टीम ठेवल्यावर विंडोजचं घड्याळ साडेपाच तास मागे दिसलं तर काही बिघडलेलं नाही: लिनक्स मशीनच्या घड्याळात जागतिक वेळ लिहितं आणि विंडोज तीच स्थानिक समजतं.