आणीबाणीत सरकारला जाब विचारता येत नाही?

‘अशांत भागात आणीबाणी लागली की सगळे हक्क संपतात, सरकार कुणाला उत्तर देणं लागत नाही’ असा मजकूर वर्षानुवर्षं फिरतोय. दारात संचारबंदी असली की तो पटतोही. पण नागरी आणि राजकीय हक्कांच्या १९६६ च्या आंतरराष्ट्रीय कराराचं कलम ४ वाचा. आणीबाणी अधिकृतपणे जाहीर करून निर्बंध घालता येतात, पण गरजेपुरतेच आणि केवळ वंश, भाषा, धर्म पाहून भेदभाव न करता. दुभंगलेल्या प्रदेशात खरी मेख याच अटीत आहे. छळापासूनचं संरक्षण तर तेव्हाही काढून घेता येत नाही. आपल्या देशाने करार स्वीकारलाय का, ते आधी तपासा. मग आदेश बघा: कोणत्या कायद्याखाली, कुणाच्या सहीने, किती दिवसांसाठी?