सी-क्लिप आहे म्हणून ‘फोर्ड ८.८’ नको?

जुन्या जीप रँग्लर किंवा चेरोकीचा ‘डाना ३५’ हा मागचा अ‍ॅक्सल (मागची चाकं फिरवणारी जोडणी) मोठ्या टायरपुढे टिकत नाही, हे खरंच आहे. क्राउन व्हील (आतलं मोठं दातेरी चाक) जेमतेम ७.५८ इंची, चाक फिरवणाऱ्या शाफ्टला २७ स्प्लाइन (टोकावरच्या खाचा; जितक्या जास्त, तितका शाफ्ट सहसा जाड). पण त्याजागी दुसरा अ‍ॅक्सल कुठला, यावर वर्षानुवर्षं एकच सल्ला फिरतोय: ‘डाना ४४च टाका, फोर्डचा ८.८ सी-क्लिपवाला, तो कमजोर.’ हे चुकीचं आहे.

१९९५ ते २००१च्या फोर्ड एक्सप्लोररमधल्या ८.८चं क्राउन व्हील ८.८ इंची, शाफ्ट ३१ स्प्लाइनचे. जीपच्या डाना ४४चं साधारण ८.५ इंची, शाफ्ट ३० स्प्लाइनचे. मग कमजोर कसा?

सी-क्लिप ही C आकाराची छोटी कडी डिफरन्शियलच्या (दोन्ही चाकांना ताकद वाटणाऱ्या गिअरच्या) आत शाफ्टचं टोक धरून ठेवते. शाफ्ट तुटला तर चाक शाफ्टच्या तुकड्यासकट बाहेर सरकू शकतं. ही भीती रास्त आहे. पण क्लिपमुळे शाफ्ट तुटत नाही. शिवाय एक्सप्लोररला मागे डिस्क ब्रेक आहेत, त्यामुळे कॅलिपर (ब्रेकची डिस्क पकडणारा भाग) चाकाला बऱ्यापैकी अडवतो. आणि बहुतेक डाना ३५ही सी-क्लिपवालेच, हे मात्र कुणी सांगत नाही!

८.८ची खरी दुखरी जागा म्हणजे ट्यूब, म्हणजे शाफ्टभोवतीच्या नळ्या. त्या बिडाच्या हाउसिंगमध्ये दाबून बसवलेल्या आणि प्लग वेल्डवर (भोकातून केलेल्या वेल्डवर) धरलेल्या असतात. जोर आला की फिरू शकतात. म्हणून अ‍ॅक्सल जीपला जोडायचे नवे ब्रॅकेट लावतानाच त्या हाउसिंगला वेल्ड करून घ्या, तेही बिडाचं काम जाणणाऱ्याकडूनच. गिअर रेशो (चाकाच्या एका फेरीमागे ड्राइव्ह शाफ्टच्या किती फेऱ्या) पुढच्या अ‍ॅक्सलशी जुळतोय ना, हे खरेदीआधीच तपासा.