स्वपरिचय (नोकरीच्या मुलाखतीतील)

नोकरीच्या मुलाखतीत ‘स्वतःबद्दल थोडं सांगा’ हा प्रश्न बहुधा सगळ्यात आधी येतो. त्यावर उमेदवार अर्ध्या ते दोन मिनिटांत जे बोलतो, तो स्वपरिचय. कॉलेजात आणि प्लेसमेंटच्या तयारीत मात्र ‘इंट्रो’ हाच शब्द चालतो. इंट्रो तयार करताना आयुष्याची हकीकत लिहायची नसते; समोरच्या कामाला उपयोगी पडेल तेवढेच त्या हकिकतीतून वेचायचे असते.

हे वेचणेच जड जाते. मराठी घरांत ‘बायोडेटा’ हा शब्द लग्नासाठीही चालतो आणि नोकरीसाठीही, त्यामुळे एकाचा साचा दुसऱ्यात उतरतो. पूर्ण नाव, वडील काय करतात, भावंडे किती, मूळ गाव कुठले, मग दहावीपासूनचे टक्के आणि शेवटी ‘वाचन व क्रिकेट’. एवढ्यात मिनीट सरते आणि उमेदवाराला येते काय, ते कळतच नाही. त्यात भर स्वतःविषयी चांगले बोलण्याच्या संकोचाची. रामदासांनी दासबोधातल्या मूर्खलक्षणांत आत्मस्तुती करणारा आणि वडिलांची कीर्ती सांगणारा, दोघांना एकाच ओवीत बसवले आहे. आपले उमेदवार पहिला दोष कसोशीने टाळतात आणि दुसरा पहिल्याच वाक्यात करून बसतात.

संकोचावर साधा उतारा आहे: विशेषणे गाळायची आणि केलेले काम सांगायचे. सांगलीकडचा आयटीआय झालेला एखादा फिटर चाकणच्या कारखान्यात मेंटेनन्सच्या जागेसाठी आला आहे असे धरू. ‘मी मेहनती आणि प्रामाणिक आहे’ हे वाक्य त्याच्या आधीच्या दहा जणांनी म्हटलेले असते. त्याऐवजी तो असे म्हणू शकतो: ‘दोन वर्षांचा फिटर ट्रेड केला, मग वर्षभर साखर कारखान्यात अप्रेंटिस होतो. हंगामात रात्रपाळीला ऊस आत नेणाऱ्या गव्हाणीची चेन तुटली की सीनियर फिटरबरोबर ती जोडायला मी असायचो. बेअरिंग बदलणं, अलाइनमेंट बघणं ही कामं तिथेच हाताखालून गेली. आता वर्षभर चालणाऱ्या प्लांटमध्ये काम करायचंय.’ बोलायला पुरते अर्धे मिनीटही लागत नाही. पुढचा प्रश्न बहुधा ठरलेलाच: चेन तुटल्यावर आधी काय करायचास? त्याचे उत्तर त्याला झोपेतही देता येईल. पुढच्या प्रश्नांचा रोख आपल्या ओळखीच्या कामाकडे वळवणे, हा इंट्रोचा खरा उपयोग. म्हणूनच जे नीट येत नाही त्याचा त्यात उल्लेखही करू नये.

तयारी जाहिरातीपासून सुरू होते. तिच्यात मागितलेल्या कामांपैकी आपण काय काय केले आहे, ते आधी कागदावर काढावे. नंतर मोबाईलवर आपले बोलणे रेकॉर्ड करून ऐकावे. ‘म्हणजे’ आणि ‘अॅक्च्युअली’ किती वेळा आले ते तिथे उघडे पडते. मजकूर शब्दशः पाठ करणे मात्र घातक, कारण मध्येच कुणी काही विचारले की पाठांतराची गाडी पुन्हा पहिल्या स्टेशनापासून सुटते. इंग्रजीत बोलायचे असल्यास ‘मायसेल्फ अमुक-तमुक’ ही सुरुवात टाळतात. व्याकरणात ती बसत नाही आणि क्लासच्या साच्यातून आलेली आहे हे लगेच ओळखू येते. नाव समोरच्या कागदावर असतेच. ते एकदा, नुसते सांगितले तरी पुरते.

स्पर्धा परीक्षांत गोष्ट थोडी निराळी असते. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या नागरी सेवा परीक्षेत एकूण 2025 गुणांपैकी 275 गुण मुलाखतीचे असतात, आणि उमेदवाराने भरलेल्या सविस्तर अर्जावरची माहिती मंडळापुढे आधीच असते. पुष्कळ प्रश्न त्यातूनच निघतात: नावाचा अर्थ, जिल्ह्यातले पाणी, सोडलेली नोकरी. म्हणजे तिथे तोंडी इंट्रोपेक्षा तो अर्जच जपून भरावा लागतो. छंदाच्या रकान्यात ‘ट्रेकिंग’ लिहिणाऱ्याला हरिश्चंद्रगडाची नळीची वाट निदान ऐकून तरी ठाऊक असावी.