जीनचं आसन आणि आजोबांचं धोतर

माझ्या तीन जीन पँटी एकाच जागी फाटल्या. गुडघा शाबूत, खिसे शाबूत, पण आसन, म्हणजे दोन्ही पाय जुळतात ती जागा, गेलं. तिसरी पँट घेऊन गेलो तेव्हा रफूवाल्या चाचांनी ती उजेडात धरली, बोट आरपार घातलं आणि विचारलं, "सायकल चलाते क्या?"

चालवतो. छत्रपती संभाजीनगरात सिडको ते क्रांती चौक, जालना रोडने चार-साडेचार किलोमीटर. जाऊन-येऊन नऊ धरा. मोठ्या सायकलीचं पायडल एकदा फिरलं की सायकल पाच-साडेपाच मीटर पुढं सरकते, म्हणजे रोजचे साधारण १७०० फेरे. महिन्याला चाळीस हजारांवर वेळा मांडी सीटच्या चोचीला घासते. असा हिशेब मांडल्यावर पँटीचा राग येत नाही, उलट तिचं कौतुक वाटतं.

एरवी डेनिम चिवट कापड. उभा ताणा तीन आडव्या धाग्यांवरून जातो आणि चौथ्याखाली शिरतो, म्हणून वर तिरक्या रेघा उमटतात. ताणा निळा, बाणा पांढरा. निळीची गंमत अशी की ती पाण्यात विरघळतच नाही. रसायन घालून तिचं रूप बदलावं लागतं, तेव्हा कुठं ती धाग्याला धरते; धागा हवेत काढला की पुन्हा निळी होते. पण रंग बसतो तो धाग्याच्या सालीवर, गाभा पांढराच राहतो. म्हणून साल घासली की पांढरं दिसायला लागतं. सायकलवाल्याच्या जीनवर हा पांढरा डाग सीट टेकते तिथं पहिल्यांदा येतो. चाचांनी तेवढंच वाचलं होतं.

बरं, ही पँट मुळात खाणीतल्या आणि रानातल्या मजुरांसाठी. नेवाडातल्या रिनो गावच्या जेकब डेव्हिस या शिंप्यानं ताण येईल तिथं तांब्याच्या रिव्हेटा ठोकल्या आणि १८७३ साली लेव्ही स्ट्रॉसबरोबर त्याचं पेटंट घेतलं. जुन्या पँटींत एक रिव्हेट आसनातही असायची. त्यावर बसून सायकल हाणायची कल्पनाच नको. ती रिव्हेट पुढं गेली, पण चार शिवणींची गाठ तिथंच राहिली. प्रत्येक शिवण दुमडून घातलेली, म्हणजे कापडाचे कितीतरी थर एका बिंदूवर, आणि नेमका तोच बिंदू आपल्या आणि सीटच्या मध्ये. कोरडं असेपर्यंत चालून जातं. घाम आला की भिजलेली कातडी कोरडीपेक्षा जास्त अडकून घासते, आणि संध्याकाळी माणूस पाय फाकून चालतो.

इथं मला आजोबांचं धोतर आठवतं. गंगाखेडच्या बाजूला ते सायकलवर बाजाराला जायचे, मागं पोतं बांधून, आणि आसन उललं अशी तक्रार मी त्यांच्या तोंडून कधी ऐकली नाही. ऐकणार कशी? धोतराला शिवणच नसते. अखंड कापड मांड्यांमधून जाऊन मागं खोचलेलं. हवं तिथं सैल, हवं तिथं घट्ट. नऊवारीच्या काष्ट्याचंही तेच. आज सायकलस्वारांसाठीच्या महागड्या पँटींत शिवणींची गाठ टाळायला आसनात वेगळा तुकडा घालतात, पैरणीच्या काखेत चौबगला असतो तसा. आमच्या शिंप्याला सांगितलं तर तो हसला, पण घालून दिला. सगळ्यात कामाची दुरुस्ती तीच ठरली.

आता उन्हाचं. सायकल चालवताना स्नायूंनी जाळलेल्या ऊर्जेचा चौथा-पाचवा हिस्साच पायडलपर्यंत पोहोचतो, बाकी सगळी उष्णता. पायडलवर ७५ वॉट लावायचे तर अंगात सव्वादोनशे वॉट उष्णता तयार होते, म्हणजे छताचे तीन जुने पंखे खातात तेवढी. मे महिन्यात आपल्याकडं पारा चाळिशीच्या वर. कातडीचं तापमान ३५ अंशांच्या आसपास, म्हणजे वारा लागला तरी तो अंग तापवणारच. वाट एकच उरते, घाम वाळणं. एक ग्रॅम घाम वाळताना सुमारे २.४ किलोज्यूल उष्णता घेऊन जातो. त्या हिशेबानं ऑफिसला पोहोचेपर्यंत अर्धा पेला घाम वाळायला हवा, वरून पडणारं ऊन वेगळं.

मराठवाड्यातला उन्हाळा कोरडा, ही त्यातली जमेची बाजू. पातळ सुती सदरा घाम पितो आणि अंगालगतच वाळवतो. माठ पाझरतो आणि आतलं पाणी गार होतं, तसंच. पाठीवर मिठाचा पांढरा नकाशा राहतो तेवढाच. डेनिमची गोष्ट निराळी. एका चौरस मीटरला चारशे ग्रॅमच्या पुढं वजन, सदऱ्याच्या तिप्पट-चौपट. ओल बाहेरच्या अंगाला पोहोचून तिथं वाळते, त्यामुळं गारवा मांडीपेक्षा कापडालाच जास्त मिळतो. दोष सुताचा नाही, जाडीचा आणि घट्टपणाचा आहे. बेदूइन लोक वाळवंटात काळे झगे का घालतात, यावर १९८० साली 'नेचर'मध्ये एक अभ्यास आला होता. काळा झगा पांढऱ्यापेक्षा जास्त तापतो, पण झगा सैल असल्यामुळं ती जादाची उष्णता कातडीपर्यंत पोहोचत नाही. रंगाची फार चिंता नको, सैल घाला.

मग ते चकचकीत लायक्रा? १९५८ साली ड्युपाँट कंपनीत जोसेफ शिव्हर्सनं तो धागा तयार केला. शर्यतवाल्यांना तो हवाच, कारण हवेला कापायला लागणारी ताकद वेगाच्या घनानं वाढते. ताशी १५ चे ३० झाले की आठपट. आपण मोंढा नाक्याच्या सिग्नलला दर दोन मिनिटांनी थांबणारी माणसं. सदरा फडफडल्यानं आपलं काय अडतं? जीनमध्ये एक-दोन टक्के लायक्रा असला तर मात्र बरं. गुडघा वाकला की त्यावरची कातडी उभी एक तृतीयांशाहून जास्त ताणते, आणि कोरी कडक जीन तेवढी ताणत नाही.

पावसाळ्यात जीन घालूच नका. भिजली की किलोभर जड होते आणि वाळायला दोन दिवस घेते.

राहिला उजवा पाय. चेन उजवीकडं, म्हणून फक्त उजवी मोहरी खाल्ली जाते. पूर्ण चेनकव्हर असलेल्या जुन्या सायकलींत ही भानगड नव्हती. धोतराचा सोगाही त्यामुळंच वाचायचा. मी दोरीवरचा कपड्यांचा चिमटा लावतो. शाळेच्या पोरी ओढणी कमरेला आडवी गाठ मारून बांधतात, कारण ती मागच्या चाकात गेली तर थेट गळ्यालाच फास. त्या गाठीपुढं माझा चिमटा काहीच नाही. परवा तो ऑफिसातही पायाला तसाच होता, आणि साहेबांनी मीटिंग संपेपर्यंत काही सांगितलं नाही.