काळा दगड, तांबडा जांभा आणि शंभराचा हिशोब

निपाणी-चिकोडीकडचा काळा बेसॉल्ट आणि खानापूर-जांबोटीकडचा तांबडा जांभा शेजारी ठेवले तर त्यांचं नातं डोळ्यांना दिसत नाही. एक जड आणि घट्ट, दुसरा सच्छिद्र, तासून चिरे काढता येतील असा. तरी बेळगावच्या पश्चिम भागातला पुष्कळसा जांभा बेसॉल्टच कुजून झालेला आहे. हे नातं प्रयोगशाळेत आकड्यांनी उलगडतं. ते कसं, हे आपल्याकडच्या खाणवाल्यांना आणि शाळेतल्या मुलांना ठाऊक असावं असं मला मनापासून वाटतं.

यंत्राचं नाव सगळे विचारतात, पण निम्मं काम त्याआधीच झालेलं असतं. जांभ्याच्या एकाच चिऱ्यात लोहाने भरलेला तांबडा भाग असतो आणि मातकट पांढुरका भागही. त्यातला एक तुकडा उचलून पाठवला तर उत्तर त्या तुकड्याचं येईल, खडकाचं नाही. म्हणून बरेच किलो दगड फोडतात, चुऱ्याचा ढीग करतात, त्याचे चार भाग पाडून समोरासमोरचे दोन ठेवतात, बाकीचे टाकतात. मूठभर उरेपर्यंत हेच चालतं. मग दळण. पोलादी चक्कीत दळलं तर चक्कीचं लोखंड नमुन्यात उतरतं. लोहच मोजायचं असेल तेव्हा अकीकाची चक्की बरी.

ही भुकटी लिथियम बोरेट या वितळायला मदत करणाऱ्या क्षाराबरोबर प्लॅटिनमच्या मुशीत १००० अंश सेल्सिअसच्या वर वितळवून काचेची चकती ओततात. वितळल्यावर खनिजांचे वेगवेगळे कण उरत नाहीत, सगळीकडे सारखी काच होते. चकतीवर क्ष-किरण सोडले की अणूच्या आतल्या कक्षेतला इलेक्ट्रॉन उडतो, बाहेरचा त्याच्या जागी येतो आणि त्या मूलद्रव्याच्या ठरावीक ऊर्जेचा क्ष-किरण बाहेर पडतो. ब्रिटिश भौतिकशास्त्रज्ञ हेन्री मोझली यांनी १९१३ मध्ये ही ऊर्जा आणि अणुक्रमांक यांचा संबंध दाखवला. ऊर्जेवरून मूलद्रव्य ओळखतात, तीव्रतेवरून प्रमाण.

बेसॉल्टमध्ये निम्म्याच्या आसपास सिलिका, म्हणजे सिलिकॉनचा ऑक्साइड, निघते. उरलेल्यात अ‍ॅल्युमिना (अ‍ॅल्युमिनियमचा ऑक्साइड), लोह, चुना, मॅग्नेशिया आणि थोडं टायटॅनियम. लाखो वर्षांच्या पावसात सिलिका, चुना आणि मॅग्नेशिया विरघळून वाहून जातात. लोह, अ‍ॅल्युमिना आणि टायटॅनियम मागे राहतात. समजा, ताज्या दगडात टायटॅनियम ऑक्साइड २ टक्के होतं आणि त्याच्या वरच्या जांभ्यात ४ टक्के भरलं. टायटॅनियम सहसा जागचं हलत नाही, म्हणजे मूळ दगडाचं निम्म्याच्या आसपास वजन पाण्याबरोबर गेलं. मला या सगळ्या शास्त्रातलं हे सर्वांत सुंदर गणित वाटतं.

अ‍ॅल्युमिना फार साचला की बॉक्साइट, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमचं धातुक, होतं. बेळगावचा अ‍ॅल्युमिना कारखाना आजूबाजूच्या डोंगरांतल्या याच दगडावर उभा राहिला. बॉक्साइटच्या सगळ्या ऑक्साइडांच्या टक्क्यांची बेरीज केली तर मात्र ती शंभराच्या बरीच खाली राहते. तूट खनिजात बांधलेल्या पाण्याची असते. गिब्साइट हे बॉक्साइटमधलं मुख्य खनिज. शुद्ध गिब्साइटच्या १०० ग्रॅममधून तापवल्यावर सुमारे ३४.६ ग्रॅम पाणी निघून जातं. म्हणून भुकटी वजन करून साधारण १००० अंशांवर भाजतात, पुन्हा वजन करतात, आणि आलेली घट बेरजेत धरतात. ताज्या बेसॉल्टचं कधीकधी उलटं होतं: त्यातलं फेरस, म्हणजे कमी प्राणवायू जोडलेलं, लोह हवेतला प्राणवायू घेतं आणि वजन वाढतं. अहवालात ही घट उणे दिसली तर ती चूकच असेल असं नाही.

फेरस लोह किती आणि जास्त प्राणवायू जोडलेलं फेरिक किती, हे नेहमीच्या क्ष-किरण तपासणीत कळत नाही. त्यासाठी आजही आम्लात विरघळवून पोटॅशियम डायक्रोमेटचं अनुमापन करतात, म्हणजे त्याचं द्रावण किती लागतं ते मोजतात.

१९५१ मध्ये अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षणाने एक धक्का देणारी गोष्ट प्रसिद्ध केली. ग्रॅनाइट आणि डायबेस (बेसॉल्टसारख्याच रचनेचा खडक) या दोन खडकांची एकसारखी भुकटी अनेक प्रयोगशाळांना वाटली होती, आणि उत्तरं अपेक्षेपेक्षा कितीतरी वेगळी आली. तेव्हापासून ज्ञात रचनेचा प्रमाण-नमुना सोबत तपासण्याची शिस्त घट्ट झाली. हवाई बेटांवरच्या बेसॉल्टचा असा नमुना जगभर वापरतात आणि तो रचनेने आपल्या दख्खनच्या दगडाच्या बराच जवळ आहे. म्हणून खाणीचा अहवाल हातात आला की दोन गोष्टी जरूर मागा: भाजणीतल्या घटीसकट एकूण बेरीज, आणि त्याच दिवशी तपासलेल्या प्रमाण-नमुन्याचे आकडे.